भागवत आजोबा खरे होते का?

मैत्रिणींनो, ‘फास्टर फेणे’ हा २०१७ सालचा सिनेमा तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी मुलांबरोबर पाहिला असेल. अमेय वाघ झाला बनेश फेणे, आणि दिलीप प्रभावळकर झाले भा. रा. भागवत. आता यातली गंमत बघा! फेणेला कागदावर जन्म दिला भागवतांनी आणि सिनेमात हे लेखकमहाशय स्वतःच फेणेच्या गोष्टीतलं पात्र झाले. खरे भागवत तर २००१ सालीच गेले.

तिकोणा पेठेत मी रविवारी मुलांना गोष्टी वाचून दाखवते. गडाखालचं गाव. पोरं गडाच्या उंच पायऱ्या भराभर चढतात, पण गोष्टीचं पुस्तक हातात दिलं की बावरतात. फेणेचं पुस्तक काढलं, तशी सहावीतली एक मुलगी म्हणाली, “ताई, हे सिनेमातले आजोबा खरे होते का?” फेणेचं फुरसुंगी आपल्याच पुणे जिल्ह्यात आहे, हे तिला पटलं. पण पुस्तक लिहिणारा माणूस हाडामांसाचा असतो, हे काही पटेना. तिचंही बरोबरच. घरात पुस्तकं काय ती शाळेची. ती कुणी लिहिलेली नसतात, नुसती असतात!

मग मी सांगत बसले. भागवतांनी १९५१ मध्ये ‘बालमित्र’ मासिक काढलं, ज्यूल व्हर्नच्या अद्भुत सफरी मराठीत आणल्या. त्यांच्या पत्नी लीलावतीबाईही मुलांसाठी लिहायच्या. आकाशवाणीच्या ‘वनिता मंडळ’मुळे आपल्या आया-आज्यांना त्या ओळखीच्या होत्या.

“बायापण लिहितात?” पुढचा प्रश्न.

पुस्तक तिने घरी नेलं आणि दुसऱ्या दिवशी परत आणलं. आई म्हणाली होती, अभ्यासाचं नाही ना, मग कशाला? मी संध्याकाळी घरी गेले. आई धारा काढत होती. सिनेमा तिनेही टीव्हीवर पाहिलेला. “तोच ना वो, पुण्याला डॉक्टरकीच्या परीक्षेला आलेला?” म्हणाली. मी हो म्हटलं. “मग ऱ्हाऊ द्या पुस्तक. पण दिवा लागायच्या आत वाचायचं, नंतर भाकऱ्या असतात.”

परवा त्या मुलीने वहीचं एक पान दाखवलं. त्यात फेणे तिकोणा गड चढतोय आणि दम लागून मधेच बसलाय. पुढे वाट दाखवणारी एक मुलगी आहे. नाव तिने स्वतःचंच घातलंय.