गंजीमागे उभा असलेला जुना ट्रॅक्टर चालू करताना



आपल्या धाराशिव जिल्ह्यात कुठल्याही गावाला जा, कडब्याच्या गंजीमागे नाहीतर लिंबाखाली एखादा जुना ट्रॅक्टर उभा दिसतोच. बहुधा तो वडिलांनी घेतलेला असतो. इंटरनॅशनल बी-२७५ असेल, नाहीतर एचएमटीचा झेटर. इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी १९६३ साली निघाली, कारखाना मुंबईत कांदिवलीला. १९७७ साली ती महिंद्रात विलीन झाली. एचएमटीने झेटर २५११ हा ट्रॅक्टर १९७१ पासून पिंजोरला बनवला. या ट्रॅक्टरांचे लोखंड जाड आणि यंत्र साधे. म्हणूनच आठ-दहा वर्षे पडून असलेला ट्रॅक्टरही पुन्हा कामाला लागू शकतो. मात्र तो ओढून चालू करायचा नाही.

भूम तालुक्यातल्या एका गावात पेरणीच्या घाईत असे झाले. घरच्या जुन्या ट्रॅक्टरला साखळी लावली, शेजाऱ्याचा ट्रॅक्टर पुढे जुंपला आणि गिअरमध्ये टाकून हिसका दिला. दोन हात गाडी सरकली अन् आतून खाडकन आवाज आला. कनेक्टिंग रॉड वाकला होता. सायलेन्सरवर झाकण नव्हते, पावसाचे पाणी उघड्या व्हॉल्व्हमधून सिलिंडरात उतरले होते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. मी त्या दिवशी बीजप्रक्रिया दाखवायला त्याच गावात होतो. चहाला थांबलो नसतो तर साखळी सोडायला लावली असती.

तेव्हा सुरुवात अशी करा. गिअर न्यूट्रलला ठेवा, चाकांना दगड लावा. एअर क्लीनर आणि सायलेन्सर उघडून बघा. उंदराचे घरटे, कुंभारणीची माती, भुसा, काहीही निघते. मग चारही नोझल काढा (झेटरला दोनच असतात) आणि प्रत्येक सिलिंडरात अर्धी वाटी डिझेल व इंजन ऑइल मिसळून ओता. दोन-तीन दिवस तसेच राहू द्या. नंतर पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून हाताने हळू फिरवा. फिरले नाही तर पाइप लावून जोर करू नका, पुन्हा तेल ओता आणि थांबा. आठवड्यानेही हलले नाही तर हेड उघडावे लागेल, ते मिस्त्रीचे काम. फिरू लागले की नोझल बाहेर ठेवूनच पुरते दोन-चार फेरे द्या, म्हणजे आतले पाणी-तेल बाहेर उडेल. तोंड बाजूला ठेवा.

चेंबरचा बोल्ट हळूच सैल करा. खाली पाणी साठले असेल तर तेच आधी येईल. ऑइल दुधाळ दिसले तर पाणी कुठून शिरले ते शोधल्याशिवाय नवे ऑइल भरू नका. डिझेलची टाकी पूर्ण रिकामी करून धुवा, फिल्टर नवे घाला, पंपाची हवा काढा. नोझलचा फवारा तपासताना हात पुढे धरू नका. तो फवारा कातडीतून आत जातो, जखम टाचणीएवढी दिसते आणि बोट गमवायची वेळ येते.

आता एक गोष्ट, जी फारसे कोणी सांगत नाही. पडून राहिलेल्या पंपाची आतली दांडी पूर्ण डिझेलवर अडकलेली असू शकते. मग इंजन चालू होताच भडकते, वेग वाढतच जातो, चावी बंद करूनही थांबत नाही. म्हणून बंद करायची दांडी मोकळी फिरते का ते आधी बघा. तरीही पहिल्यांदा चालू करताना एक माणूस जाड सपाट फळी घेऊन हवेच्या तोंडापाशी उभा करा. भडकले तर फळी दाबून हवा बंद करायची. हात किंवा धोतराचा सोगा लावू नका, आत ओढला जातो.

चालू झाल्यावर दहा-पंधरा सेकंदांत ऑइलचा काटा वर आला पाहिजे. नाही आला तर लगेच बंद. पहिले ऑइल आठ-दहा तासांतच बदला, जुनी घाण त्यात उतरते. क्लचप्लेट चिकटली असेल तर क्लच लाकडाने दाबून काही दिवस ठेवा, बहुधा सुटते.

इंजन लागले म्हणजे ट्रॅक्टर रस्त्यावर न्यायचा, असे नाही. ब्रेक आणि स्टिअरिंग आधी. दोन्ही ब्रेक सारखे धरले पाहिजेत आणि रस्त्यावर दोन्ही पेडल कडीने जोडलेले पाहिजेत. एकच ब्रेक लागला तर गाडी जागीच वळते आणि उलटते. उन्हाने चिरलेले पुढचे टायर शेतात चालतील, पण भरलेली ट्रॉली घेऊन बालाघाटच्या उतारावर नकोत.

खर्चाचा विचार करताना आधी भाग मिळतात का ते लातूर-सोलापूरला विचारा, मग इंजन उघडा. एचएमटीचा ट्रॅक्टर कारखाना २०१६ साली बंद झाला आहे. ब्लॉकच फुटला असेल तर माझ्या मते जीव अडकवू नये, विकून टाकावा.

कागदांचेही बघा. नोंदणी १५ वर्षांची, पुढे तपासणी होऊन पाच-पाच वर्षांनी वाढते. विमा लागतोच. ट्रॅक्टर वारलेल्या वडिलांच्या नावावर असेल तर वारसाने ३० दिवसांत आरटीओला कळवून तीन महिन्यांत नाव लावायचे असते. मुदत गेली असली तरी दंड भरून करून घ्या. जुन्या कर्जाचा बोजा असेल तर बँकेचा दाखला आधी आणा. तपासणीला चेसीस नंबर वाचता आला पाहिजे. तो गंजाखाली असेल तर कानसीने किंवा पॉलिश पेपरने घासू नका. डिझेलचा बोळा रात्रभर ठेवा आणि सकाळी फडक्याने पुसा.