धारेवरचे गवत

धौलाधार पर्वताच्या उत्तरेस, रावी नदीच्या वरच्या खोऱ्यात भरमौर नावाचा जो मुलूख आहे, तो गद्दी मेंढपाळांचा. हिवाळा कांगड्याच्या पायथ्याच्या रानांत काढावा, उन्हाळा लागला की कळप घेऊन चढणीला लागावे, इंद्रहारासारखे सुमारे ४,३०० मीटर उंचीचे घाट ओलांडून भरमौरात यावे, तेथून त्याहूनही उंच अशा कुगतीच्या खिंडीतून लाहौलच्या कुरणांत शिरावे आणि भाद्रपद सरता सरता परतीची वाट धरावी, हा त्यांचा पिढ्यानुपिढ्यांचा क्रम. खिंडीला ते ‘जोत’ म्हणतात, वृक्षरेषेवरच्या कुरणाला ‘धार’. अंगात लोकरीचा घोळदार चोला आणि त्यावर कमरेला काळ्या लोकरीच्या दोराचे अनेक वेढे; त्या वेढ्यांच्या वर चोल्याची जी खोळ होते, तीत नुकते जन्मलेले कोकरू ठेवून माणूस चालत राहतो. पावसाळा संपताच मेंढरांसह घाट उतरणाऱ्या आपल्या धनगराला हे जीवन परके वाटणार नाही. भेद एवढाच की धनगर पावसाकडे पाहून वाट धरतो, गद्दी बर्फाकडे पाहून.

बर्फाची कड वितळत जसजशी वर सरकते, तसतसे तिच्यामागे कोवळे, सकस गवत उगवते, आणि त्या हिरव्या पट्ट्याच्या मागोमाग कळप चढवीत नेणे यातच गद्द्याचे सारे शास्त्र सामावलेले आहे. बर्फ लवकर वितळले, तर कळप पोहोचण्यापूर्वीच गवत जून होते, त्यातले तंतू वाढतात आणि पोषण घटते; हिवाळ्यात बर्फ मुळातच कमी पडले, तर जमिनीतला ओलावा लवकर आटतो. शिवाय नाल्यांवर साचून घट्ट झालेल्या ज्या बर्फाच्या पुलांवरून मेंढरे निर्धास्त पार होत, ते पूल अकाली कोसळले की खळाळत्या, गोठवणाऱ्या पाण्यातून एकेक जनावर उतरवावे लागते.

काठमांडूच्या ‘इसिमोड’ या संस्थेने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या मूल्यमापनानुसार, जगाची तापमानवाढ दीड अंशावर रोखण्यात यश आले तरी हिंदुकुश-हिमालय त्याहून किमान ०.३ अंश अधिक तापेल आणि शतकाअखेर तेथील हिमनद्यांचा एक-तृतीयांश भाग नाहीसा होईल. पण मेंढपाळाला सरासरीपेक्षा अनियम अधिक घातक ठरतो. २०१८ च्या सप्टेंबरअखेर, ऐन परतीच्या दिवसांत, लाहौल-स्पितीवर अकाली प्रचंड हिमवर्षाव झाला. २०२३ च्या जुलैत हिमाचलाला महापुराने झोडपले, तेव्हा चंद्रतालच्या परिसरात भर पावसाळ्यात बर्फ पडून शेकडो प्रवासी अडकले. प्रवाशांना सोडविण्यास सरकारी पथके गेली, हे योग्यच झाले. परंतु उघड्या धारेवर शेकडो जिवांची राखण करणाऱ्या माणसाला अशा वेळी कोणता आसरा असतो, याचा विचार आपण क्वचितच करतो.

उष्मा वाढला तर कळप आणखी वर न्यावा, असे कोणी म्हणेल. पण वर डोंगरच संपतो आणि गवताऐवजी खडक लागतो. खाली उतरावे, तर पायथ्याच्या रानांत आपल्याकडे घाणेरी म्हणतात ते झुडूप बेसुमार माजलेले, आणि कित्येक ठिकाणी नव्या लागवडीसाठी रान चराईला बंद केलेले.

कांगड्याचा जमीनमहसुलाचा फेरबंदोबस्त १८६५ ते १८७२ या काळात जेम्स लायल यांनी केला, तेव्हा हिवाळी रानांवरील गद्द्यांच्या ‘वारिसी’ हक्काची नोंद दप्तरात आली. आज चराईच्या परवान्यावर जनावरांची संख्या आणि मार्ग लिहिलेला असतो. ऋतू आपली तिथी सोडून वागू लागला असता कागद मात्र जुन्याच वाटेला जखडून ठेवतो, हे माझ्या मते हवामानाइतकेच मोठे संकट आहे. कारण बदलत्या आभाळाखाली तगून राहण्याचा मेंढपाळाचा एकमेव उपाय म्हणजे हवी तेव्हा वाट बदलण्याची मोकळीक. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या तिसऱ्या कलमात फिरत्या पशुपालकांचा हंगामी चराईचा हक्क स्पष्ट शब्दांत मान्य केलेला आहे. त्याची अंमलबजावणी करताना शासनाने गद्द्यांना समोर बसवून त्यांच्या वाटा नव्याने आखाव्यात आणि बर्फाप्रमाणे मार्ग व मुक्काम बदलण्याची मुभा परवान्यातच लिहून द्यावी.