ग्राइंडिंग इट आउट

'ग्राइंडिंग इट आउट: द मेकिंग ऑफ मॅकडॉनल्ड्स' हे अमेरिकन उद्योजक रे क्रॉक (१९०२–१९८४) यांचे आत्मचरित्र आहे. रॉबर्ट अँडरसन यांच्या सहकार्याने लिहिलेले हे इंग्रजी पुस्तक १९७७ साली प्रसिद्ध झाले. मॅकडॉनल्ड्स या फास्ट फूड उपाहारगृहांच्या साखळीचा विस्तार कसा झाला, याची हकिकत क्रॉक यांनी त्यात सांगितली आहे. इंग्रजीतील 'ग्राइंड' या क्रियापदात दळण्याचा अर्थ आहे, तसाच कष्टाचे काम नेटाने तडीस नेण्याचाही आहे. या साखळीचे मूळ उपाहारगृह क्रॉक यांनी नव्हे, तर रिचर्ड व मॉरिस मॅकडॉनल्ड या बंधूंनी काढले होते. त्यामुळे साखळीचे संस्थापक कोणाला म्हणावे, हा प्रश्न या पुस्तकाशी कायमचा जोडला गेला आहे.

पार्श्वभूमी

क्रॉक यांचा जन्म ५ ऑक्टोबर १९०२ रोजी इलिनॉय राज्यातील ओक पार्क येथे झाला. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस वय वाढवून सांगून ते रेडक्रॉसच्या रुग्णवाहिका चालकांत दाखल झाले; मात्र त्यांची युरोपात रवानगी होण्यापूर्वीच युद्ध संपले. पुढे त्यांनी पियानोवादन केले आणि अनेक वर्षे कागदी पेल्यांची विक्री केली. त्यानंतर एकाच वेळी पाच मिल्कशेक घुसळणाऱ्या 'मल्टिमिक्सर' या यंत्राच्या विक्रीचे हक्क त्यांनी मिळवले.

कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो येथील एका उपाहारगृहात अशी आठ यंत्रे वापरली जातात, हे कळल्यावर १९५४ साली ते तेथे गेले. मॅकडॉनल्ड बंधूंनी १९४८ साली आपल्या व्यवसायाची नव्याने मांडणी केली होती. मोजकेच पदार्थ, प्रत्येकाला नेमून दिलेले काम, खिडकीतून झटपट विक्री आणि १५ सेंटचा हॅम्बर्गर ही त्या मांडणीची वैशिष्ट्ये होती. या वेळी क्रॉक यांनी पन्नाशी ओलांडलेली होती आणि त्यांना मधुमेह होता. आपल्या खऱ्या कारकिर्दीचा आरंभ याच भेटीपासून झाला, असे ते मानतात.

आशय

बंधूंशी करार करून क्रॉक यांनी त्यांचे नाव व पद्धत वापरण्याचे परवाने इतरांना देण्याचा हक्क मिळवला. १५ एप्रिल १९५५ रोजी इलिनॉयमधील डेस प्लेन्स येथे त्यांचे पहिले उपाहारगृह सुरू झाले. तेथील तळलेल्या बटाट्यांचा प्रसंग पुस्तकात सविस्तर येतो. बंधूंची कृती तंतोतंत पाळूनही बटाट्यांना मूळची चव येईना. शोध घेता असे कळले की, कॅलिफोर्नियात बटाटे जाळीच्या उघड्या कप्प्यांत साठवले जात आणि कोरड्या वाऱ्यात मुरत. त्यामुळे त्यांतील साखरेचे पिष्टात रूपांतर होई. यश केवळ लिखित कृतीत नसून तिच्याभोवतीच्या परिस्थितीतही होते. अखेर तळघरात पंख्याच्या वाऱ्यावर बटाटे मुरवून तो परिणाम साधण्यात आला.

करारानुसार परवानाधारकाकडून एकूण विक्रीच्या १.९ टक्के रक्कम घेतली जाई आणि तीतील ०.५ टक्के मॅकडॉनल्ड बंधूंना मिळे. म्हणजे १०० डॉलरच्या विक्रीवर क्रॉक यांच्या कंपनीकडे १ डॉलर ४० सेंट उरत. एवढ्यात परवानाधारकांना साहाय्य व त्यांच्यावर देखरेख करणे कठीण होते. यावर हॅरी सोनबर्न यांनी उपाय सुचवला. कंपनीने जागा भाडेपट्ट्याने घ्यावी किंवा विकत घ्यावी आणि परवानाधारकाला अधिक भाड्याने द्यावी, अशी ही योजना होती. यातून स्थिर उत्पन्न मिळाले, तसेच दर्जा न पाळणाऱ्यांवर अंकुशही राहिला.

क्रॉक यांनी १९६१ साली २७ लाख डॉलर देऊन बंधूंचे सर्व हक्क विकत घेतले. १९६५ साली कंपनीचे समभाग जनतेसाठी खुले झाले.

नव्या पदार्थांचे श्रेय पुस्तकात परवानाधारकांना दिलेले आहे. सिनसिनाटीच्या लू ग्रोन यांनी शुक्रवारी मांस वर्ज्य करणाऱ्या कॅथलिक ग्राहकांसाठी माशाचा पदार्थ सुचवला. क्रॉक यांनी स्वतः सुचवलेला अननसाचा बर्गर मात्र त्याच्यापुढे टिकला नाही. पिट्सबर्गचे जिम डेलिगाटी यांनी 'बिग मॅक' तयार केला.

मूल्यमापन

व्यवसायातील अडचणी आकड्यांसह मांडल्यामुळे हे पुस्तक परवाना पद्धतीच्या अभ्यासकांना उपयुक्त ठरते. मात्र ते एका पक्षाचे निवेदन आहे. स्वयंपाकघराची मांडणी मॅकडॉनल्ड बंधूंची होती, हे क्रॉक मान्य करतात. तरीही कथेत ते बंधू प्रामुख्याने विस्तारातील अडथळा म्हणून दिसतात. हक्क विकल्यावर बंधूंना स्वतःच्याच उपाहारगृहासाठी आपले आडनाव वापरता येईना. त्यांनी त्याला 'द बिग एम' असे नाव दिले. क्रॉक यांनी त्याच्याजवळच मॅकडॉनल्ड्स काढून ते बंद पाडले. ही घटना ते लपवत नाहीत आणि तिच्याबद्दल खेदही व्यक्त करत नाहीत.

क्रॉक यांच्या मृत्यूनंतर रिचर्ड मॅकडॉनल्ड यांनी त्यांना संस्थापक म्हणण्यास उघड आक्षेप घेतला. विक्रीच्या वेळी पुढील उत्पन्नाचा हिस्सा देण्याचे तोंडी आश्वासन मिळाले होते, असा दावा मॅकडॉनल्ड कुटुंबीयांनी केला. लेखी पुराव्याअभावी हा दावा वादग्रस्त राहिला. म्हणून साखळीचा विस्तार समजून घेण्यासाठी हे आत्मचरित्र महत्त्वाचे असले, तरी तिच्या उगमाबाबत केवळ त्यावर विसंबता येत नाही.

चित्रपट

क्रॉक आणि मॅकडॉनल्ड बंधू यांच्या संबंधांवर जॉन ली हँकॉक दिग्दर्शित 'द फाउंडर' हा चित्रपट २०१६ साली आला. त्यात क्रॉक यांची भूमिका मायकेल कीटन यांनी केली आहे. आत्मचरित्राच्या तुलनेत हा चित्रपट बंधूंची बाजू अधिक सहानुभूतीने मांडतो.