बरा दिसतो, हीच अडचण

"त्या दिवशी त्याची दाढी करू नका. कपडेही घरातलेच राहू द्यात," असा सल्ला मला एका सज्जन गृहस्थांनी दिला होता. त्यांच्या पुतण्याचा दाखला नुकताच झाला होता, त्यामुळे सल्ला अनुभवाचा होता. मी मान डोलावली आणि घरी आले. माझा धाकटा भाऊ आरशासमोर उभा राहून उद्यासाठी कोणता शर्ट इस्त्री करायचा ते ठरवत होता. "अक्का, मोठ्या डॉक्टरांकडं जायचंय ना? पांढरा घालतो." मी काही बोलले नाही. नीट राहा, दाढी कर, विचारलं तर नीट उत्तर दे, हे त्याला शिकवण्यात आमच्या आईची वीस वर्षं गेली होती.

भावाचं नाव इथं लिहीत नाही. ती त्याचीच अट आहे. बाकी सगळं लिही म्हणाला.

१९९९ साली, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना त्याला पहिल्यांदा आवाज ऐकू यायला लागले. स्किझोफ्रेनिया हा शब्द तेव्हा आमच्या गल्लीत कुणाला माहीत नव्हता. पुढे २००४ मध्ये 'देवराई' चित्रपट आला तेव्हा शेजारच्या वहिनी तो पाहून आल्या आणि आईचा हात धरून बराच वेळ बसल्या. वडील टपाल खात्यात होते. त्यांच्या माघारी आईला कुटुंब निवृत्तिवेतन मिळायचं, त्यावर दोघांचं चालायचं. २०२१ मध्ये आई गेली आणि ते थांबलं.

केंद्र सरकारच्या नियमाप्रमाणे मुलाला हे वेतन पंचविशीपर्यंतच मिळतं. अपंगत्वामुळे, मग ते मानसिक का असेना, जो स्वतःचं पोट भरू शकत नाही त्याला मात्र ते आयुष्यभर मिळतं. आईला हे ठाऊक होतं. तिनं हयातीतच पालक म्हणून माझं नाव लिहून देऊन ठेवलं होतं. ती किती शहाणपणाची गोष्ट होती हे मला नंतर कळलं. पालक नेमून देणारा १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता एवढ्यांसाठीच आहे. मानसिक आजार त्यात बसत नाही.

आता हवा होता तो दाखला. अपंग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कुबडी येते, नाहीतर पांढरी काठी. पण मानसिक आजार १९९५ च्या कायद्यातही अपंगत्वात धरलेला होता आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांतही आहे. कायदा आमच्या पुढे होता, आम्हीच मागे होतो. ई-सेवा केंद्रातला मुलगा तर आणखी मागे. त्यानं भावाकडं पाहिलं, "मतिमंद ना?" असं मला विचारलं आणि बौद्धिक दिव्यांगतेपुढं खूण करून टाकली. "नाही हो," भाऊ शांतपणे म्हणाला, "मला गणितात शहाण्णव होते." मुलगा वरमला. खूण बदलली.

ठरलेल्या दिवशी आम्ही सरकारी रुग्णालयात गेलो. बाकड्यावर शेजारी तालुक्याच्या गावाहून आलेली एक बाई होती, सोबत पंचविशीचा मुलगा. तिला संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान हवं होतं. त्यालाही हाच दाखला लागतो आणि वर तहसीलदाराचा उत्पन्नाचा. "चौथी खेप हाय," ती म्हणाली. "एक खेप म्हंजी एक दिसाची मजुरी, आन दोघांचं तिकीट." योजनेचे तेव्हा महिन्याला हजार रुपये मिळायचे. २०२३ मध्ये ते दीड हजार झाले आणि दिव्यांगांसाठी अडीच हजार करण्याचा निर्णय २०२५ मध्ये झाला. चार खेपांचा हिशेब मी मनात मांडला आणि सोडून दिला.

आत तरुण डॉक्टर होते. घाईत होते, पण उद्धट नव्हते. पांढऱ्या शर्टातला माझा भाऊ खुर्चीवर ताठ बसला. आंघोळ स्वतः करता? हो. शेजाऱ्यांशी बोलता? हो, बोलतो की. काम काय करता? घरचा हिशेब बघतो. सगळी उत्तरं खरी होती, आणि एकही पुरं नव्हतं. आंघोळ तो करतो, पण 'ऊठ' असं मी तीनदा म्हटल्यावर. बोलतो, पण लग्नकार्याला गेली पंधरा वर्षं आलेला नाही. हिशेबाच्या वहीत महिन्याचे महिने एकच आकडा पुन्हा पुन्हा लिहिलेला असतो. हे मी सांगायला हवं होतं. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. तो शेजारीच बसला होता ना!

दाखला आला, पण चाळीस टक्क्यांच्या आतला. म्हणजे आमच्या दृष्टीनं कोरा कागद.

मग मी चौकशी केली. मानसिक आजाराचं अपंगत्व मोजायची एक भारतीय पट्टी आहे, 'आयडियाज' नावाची. स्वतःची निगा, माणसांशी संबंध, बोलणं-समजणं आणि काम, असे चार भाग. प्रत्येकाला शून्य ते चार गुण. जितकी अडचण जास्त तितके गुण जास्त. शिवाय आजार किती वर्षांचा, त्याचे एक ते चार. एकूण वीस. सात गुण झाले की चाळीस टक्क्यांचा उंबरठा ओलांडला. आम्हाला सहा पडले होते. इंजिनिअरिंगला एका गुणानं नापास होणं मी ऐकलं होतं. हे नवीन होतं.

चारही भाग मिळून चार गुण आणि वर्षांचे दोन, कारण आमच्याकडे कागद होते फक्त तीन वर्षांचे. आजार दहा वर्षांहून जुना असेल तर चार गुण मिळतात. आमचा तेवीस वर्षांचा होता. पण २०१९ च्या महापुरात कृष्णा आमच्या माजघरात छातीएवढी चढली होती आणि जुन्या फाइली, चिठ्ठ्या, रक्ताचे रिपोर्ट असलेली पत्र्याची पेटी चिखलात गेली. नदीनं आमचे दोन गुण नेले होते.

पहिल्या डॉक्टरांना शोधून काढलं. आता ते ऐंशीच्या घरात, दवाखाना कधीच बंद. मुलीकडे राहतात. त्यांनी माळ्यावरून पुठ्ठ्याचं खोकं काढायला लावलं आणि त्यातून भावाचं कार्ड निघालं, निळ्या शाईतलं, नोव्हेंबर १९९९ चं. वरच्या कोपऱ्यात त्यांनी लिहिलं होतं: 'हुशार मुलगा. वडिलांशी बोलणे.' मी ते कार्ड हातात धरून त्यांच्या ओसरीवर बसून राहिले.

दाखल्यावर नव्वद दिवसांत अपील करता येतं, ते केलं. पुन्हा तपासणी ठरली. यावेळी जाण्याआधी रात्री मी भावाला समोर बसवलं. म्हटलं, उद्या मी तुझ्यादेखत तुझ्याबद्दल वाईट बोलणार आहे. खोटं एकही नाही बोलणार, पण सगळं बोलेन. तो बराच वेळ सुपारी कातरत बसला. मग म्हणाला, "वहीचंपण सांग. आकड्यांचं. मला दिसतं ते, अक्का. लिहिताना कळतं, पण हात थांबत नाही."

मला आजवर वाटत होतं त्याला ते कळत नाही.

दुसऱ्या दिवशी मी सांगितलं. अर्धा तास लागला. तो खिडकीबाहेर पाहत होता. एकदाच मध्ये बोलला, तारीख चुकली होती ती सुधारायला. बारा गुण झाले. दाखला मिळाला, पाच वर्षांनी फेरतपासणीच्या अटीवर. पुढे टपालानं कार्ड आलं आणि आणखी सात महिन्यांनी निवृत्तिवेतन सुरू झालं. पहिल्या पैशातून त्यानं नवी वही आणली.

ती बाकड्यावरची बाई मला पुन्हा भेटली नाही. तिच्याकडे माळ्यावर खोकं ठेवणारा डॉक्टर असेल असं वाटत नाही.

परवा कॅलेंडर लावताना भावानं विचारलं, "फेरतपासणी २०२८ ला ना?" म्हटलं, हो. तो थोडा विचारात पडला. "त्या दिवशी दाढी करायची का नाही?"

"करायची," मी म्हणाले.

"मग ब्लेडं आण. संपलीत."