साडेसहा लाख कोटींच्या दुरुस्त्या

2015 या एका आर्थिक वर्षाचा हिशेब जुळवताना अमेरिकेच्या भूदलाच्या वह्यांत साडेसहा लाख कोटी डॉलरच्या दुरुस्त्या झाल्या आणि त्यांना पुरेसा आधार नव्हता, असा अहवाल तिथल्या संरक्षण खात्याच्या महानिरीक्षकांनी जुलै 2016 मध्ये दिला. भूदलाचे त्या वर्षाचे सगळे अंदाजपत्रक साधारण बारा हजार कोटी डॉलरचे होते. जेवढा पैसा हाती आला, त्याच्या चोपन्नपट रकमेच्या दुरुस्त्या!

हा आकडा ऐकला की चोरीचा संशय येतो आणि समाजमाध्यमांवर तो तसाच फिरला. पण जो पैसा कधी मिळालाच नाही, तो चोरणार कोण? झाले ते असे. भूदलाच्या वेगवेगळ्या प्रणालींतून येणारे आकडे सरकारी तिजोरीच्या आकड्यांशी जुळत नव्हते. जुळत नाही तिथे फरकाची रक्कम टाकून मेळ बसवला जातो. ती रक्कम एकीकडे नावे पडते, दुसरीकडे जमा होते, पुढच्या ताळेबंदासाठी पुन्हा फिरते आणि दर वेळी बेरजेत धरली जाते. हिशेबाच्या कामात अशी दुरुस्ती रोजची आहे. तिच्यामागे व्हाउचर हवे, कारण लिहिलेले हवे, एवढीच अट. इथे नेमके तेच नव्हते. त्याच अहवालातला एक लहान आकडा मला मोठ्या आकड्याहून जास्त अस्वस्थ करतो. एका तिमाहीत संगणक प्रणालीने 13 लाख नोंदींपैकी किमान 16,513 नोंदी काढून टाकल्या. त्या का काढल्या, याचा कागद कोणाकडे नव्हता.

चोरी झाली असे सिद्ध झालेले नाही. झाली नाही, असेही कोणाला छातीठोकपणे सांगता येत नाही. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली खरी भयंकर गोष्ट ही आहे.

मोठ्या सरकारी खात्यांनी आपले ताळेबंद तपासून घ्यावेत यासाठीचा अमेरिकेचा कायदा 1990 चा. संरक्षण खात्याचे पहिले संपूर्ण लेखापरीक्षण झाले 2018 मध्ये. त्यासाठी सुमारे 1,200 लेखापरीक्षक कामाला लागले होते. तेव्हापासून 2024 पर्यंत सलग सात वर्षे निकाल एकच आला: पुरेसा पुरावा मिळाला नाही, त्यामुळे मत देता येत नाही. आपल्याकडे वीस बिऱ्हाडांच्या गृहनिर्माण सोसायटीलाही दरवर्षी ऑडिट चुकत नाही. या खात्याच्या ताळेबंदात 2024 मध्ये 4.1 लाख कोटी डॉलरची मालमत्ता होती. रुपयांत ही रक्कम जवळपास 344 लाख कोटी होते, म्हणजे भारत सरकारच्या त्या वर्षीच्या अंदाजपत्रकाच्या सातपट.

ऑडिटर गोदामाचे दार उघडतो तेव्हा काय सापडते, याचे उदाहरण फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलचे आहे. तिथे नौदलाच्या एका गोदामात 12 कोटी 60 लाख डॉलरचे विमानांचे सुटे भाग निघाले. ते कोणत्याही यादीत नव्हते. त्यातले काही एफ-14 टॉमकॅटचे होते आणि ते विमान नौदलाने 2006 मध्येच सेवेतून काढले होते. यादीत नसलेला माल मागणाऱ्याला दिसत नाही. मग तो नवा मागवतो आणि पैसे पुन्हा जातात. एफ-35 विमानांची गोष्ट याच्या उलट आहे. तिथे 2018 नंतरच्या पाच वर्षांत दहा लाखांहून अधिक सुटे भाग हरवले, असे संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने 2023 मध्ये सांगितले.

सगळ्यांत जिव्हारी लागणारा हिशेब अफगाणिस्तानचा. तिथल्या हवाई दलासाठी अमेरिकेने जी-222 जातीची 20 जुनी इटालियन मालवाहू विमाने घेतली. खर्च 54 कोटी 90 लाख डॉलर, म्हणजे विमानामागे पावणेतीन कोटी. जानेवारी ते सप्टेंबर 2012 या काळात ती 4,500 तास उडायला हवी होती. उडाली 234 तास. सुटे भाग मिळेनात, देखभाल होईना. अखेर त्यातल्या 16 विमानांचे तुकडे करून भंगारात विकले. आले किती? 40,257 डॉलर. पौंडाला सहा सेंट. तेव्हाच्या दराने किलोला सुमारे आठ रुपये. या व्यवहारासाठी कोणावरही खटला उभा राहिला नाही.

तरीही ही 16 विमाने आज आपल्याला माहीत आहेत, कारण अफगाणिस्तानातला खर्च तपासायला अमेरिकेच्या संसदेने 2008 मध्ये स्वतंत्र महानिरीक्षकाचे पद निर्माण केले होते. 2012 मध्ये त्या पदावर आलेल्या जॉन सॉप्को यांना काबूल विमानतळावर उभी असलेली ती विमाने दिसली. पुढे ती भंगारात गेल्याचे कळल्यावर 2014 मध्ये त्यांनी अमेरिकेच्या हवाई दलाला पत्र लिहून जाब विचारला. विमाने विकत घेणाऱ्या खात्याला स्वतःहून हे सांगण्याचे काही कारणच नव्हते. म्हणून तपासणारा माणूस खर्च करणाऱ्याच्या हाताखाली असता कामा नये. भारतात महालेखापरीक्षकांना सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाइतक्याच कठीण प्रक्रियेने हटवता येते, ते राज्यघटनेच्या 148व्या कलमामुळे. अमेरिकेत जानेवारी 2025 मध्ये राष्ट्राध्यक्षांनी एका रात्रीत डझनाहून अधिक महानिरीक्षकांना घरी पाठवले. त्यांत संरक्षण खात्याचे महानिरीक्षकही होते.

एवढ्या अवाढव्य यंत्रणेचा हिशेब लागणे अशक्यच आहे, असे म्हणणाऱ्यांना मरीन कोअर या सेनादलाने उत्तर दिले आहे. दोन वर्षांच्या तपासणीत लेखापरीक्षक जगभरात 70 हून अधिक ठिकाणी गेले. त्यांनी 7,800 जमिनी व इमारती, 5,900 लष्करी साधने आणि दारूगोळ्याचे 2 कोटी 40 लाख नग तपासले. फेब्रुवारी 2024 मध्ये मरीन कोअरला स्वच्छ अहवाल मिळाला. अमेरिकेच्या कोणत्याही सेनादलाला असा अहवाल पहिल्यांदाच मिळत होता. संपूर्ण संरक्षण खात्याला तिथपर्यंत पोहोचायला कायद्याने 2028 अखेरपर्यंतची मुदत दिली आहे.