दाट वर्टापासून वाढीव बिअर

घरी बिअर बनविण्यावर ब्रिटनमध्ये १८८० पासून असलेले परवान्याचे बंधन १९६३ साली उठविण्यात आले. अमेरिकेत तशी मोकळीक केंद्रीय कायद्याने १९७८ साली मिळाली. स्वयंपाकघरातील शेगडीवर हा उद्योग करणारांपुढे एक साधी अडचण नेहमीच उभी राहते : भांडे बारा-पंधरा लिटरांचे, आणि बिअर मात्र वीस लिटर हवी. वर्ट, म्हणजे माल्टाचा गोड काढा, उकळताना फसफसून वर येत असल्याने भांडे काठोकाठ भरताही येत नाही. तेव्हा काढा दाट करावयाचा आणि पाणी मागाहून घालावयाचे, हा मार्ग उरतो.

त्यामागील गणित सोपे आहे. पाण्याचे विशिष्ट गुरुत्व १·००० धरले, तर वर्टाचे गुरुत्व त्याहून जितक्या सहस्रांशांनी अधिक, तितके त्याचे अंश मानतात. अंश आणि आकारमान यांचा गुणाकार पाणी घातल्याने बदलत नाही. कारण साखर तेवढीच राहते. १·०९० गुरुत्वाचे १० लिटर वर्ट पाणी घालून २० लिटर केले की गुरुत्व १·०४५ होते. किण्वनानंतर ते १·०१० वर उतरल्यास मद्यार्काचे प्रमाण आकारमानाने सुमारे ४·६ टक्के येते. मुळातच १·०४५ गुरुत्वाचे असलेले २० लिटर वर्ट २५ लिटर केले, तर मात्र गुरुत्व १·०३६ वर येते आणि मद्यार्क, रंग, कडूपणा सारेच एक-पंचमांशाने घटतात. याला वाढविणे न म्हणता पातळ करणे म्हणावे हे बरे.

साखरेचा हिशेब असा सरळ असला, तरी हॉपचा तसा नाही, आणि पुष्कळांची फसगत येथेच होते. हॉपमधील आम्ले उकळीत रूपांतर पावून कडूपणा देतात; पण वर्ट जितके दाट, तितका हा कडूपणा कमी उतरतो. टिन्सेथ यांच्या सूत्राप्रमाणे १·०४५ ऐवजी १·०९० गुरुत्वाच्या वर्टात उकळल्यास उतारा सुमारे एक-तृतीयांशाने घटतो. म्हणजे तेवढ्याच कडूपणासाठी दीडपट हॉप हवेत. शिवाय वीस लिटरांत ४० एकके हवी असतील, तर भांड्यातील दहा लिटरांत ८० असली पाहिजेत. शंभरीच्या आसपास ही आम्ले विरघळण्याची मर्यादाच जवळ येते. म्हणून अतिशय कडू बिअरसाठी ही रीत फारशी उपयोगाची नाही. माल्टाचा तयार अर्क वापरणारांना एक सोय आहे : अर्काचा मोठा भाग उकळीच्या अखेरीस घालावा, तोवर वर्ट पातळ राहते, हॉपही वाया जात नाहीत आणि रंगही गडद होत नाही.

पाणी किण्वनापूर्वी घालावे की नंतर, हा खरा विचाराचा प्रश्न आहे. घरी पूर्वीच घालणे श्रेयस्कर. त्या वेळी पाण्यातील प्राणवायू यीस्टला उपकारकच ठरतो. आणि थंड पाण्याने वर्ट निवतेही. ४० अंश सेल्सिअसचे वर्ट आणि तितकेच ४ अंशांचे पाणी मिसळले की तापमान बावीसच्या जवळपास येते. पाणी मात्र उकळून झाकून निवविलेले असावे. नळाच्या पाण्यातील क्लोरिनाचा फिनॉलांशी संयोग होऊन औषधासारखा वास येतो. क्लोरिन उकळीने जाते, क्लोरामिन सहजी जात नाही. त्यासाठी मेटाबायसल्फाइटाची चिमूट लागते.

मोठे कारखाने दाट वर्ट तसेच आंबवून पाणी शेवटी घालतात, कारण त्यामुळे तेवढ्याच टाक्यांत अधिक माल निघतो. परंतु २० अंशांच्या सामान्य पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो, आणि तयार बिअरला तो लवकर शिळी करतो. कारखान्यांत तो ०·१ मिलिग्रॅमहूनही खाली आणतात. घरच्या भांड्यात ते साधत नाही. दाट वर्टात यीस्टवर ताणही पडतो आणि फळांसारख्या वासाची एस्टरे प्रमाणाबाहेर वाढतात. पाण्याने ती पुरेशी झाकत नाहीत. यीस्टची मात्रा आणि बाटल्या भरताना घालावयाची साखर ही दोन्ही वाढलेल्या आकारमानावरूनच मोजावयाची असतात.