‘गिअरबॉक्स गेला’ म्हणण्याआधी: प्रेशर सोलेनॉइडचा इलेक्ट्रिकल दोष कसा शोधतात?

समजा तुमची ऑटोमॅटिक गाडी पहिल्या गिअरवरून दुसऱ्यावर जाताना जोरात हिसका द्यायला लागली. स्कॅनर लावला तर पी०७४८ हा कोड दिसला. अशा वेळी गॅरेजमध्ये बऱ्याचदा एकच निदान ऐकायला मिळतं: ‘गिअरबॉक्स गेला, उतरवावा लागेल.’ खर्चाचा आकडा ऐकून माणूस खाली बसतो. पण हा कोड गिअरबॉक्स गेला असं सांगतच नाही. तो एवढंच सांगतो की प्रेशर कंट्रोल सोलेनॉइडच्या विजेच्या मार्गात काहीतरी बिघडलंय. बिघाड कॉइलमध्ये असेल, वायरमध्ये असेल, नाहीतर कनेक्टरच्या एखाद्या गंजलेल्या पिनेत असेल. यातलं नेमकं काय, हे शोधायला एक साधा मल्टीमीटर आणि दहावीतला ओहमचा नियम बऱ्याच अंशी पुरतो.

माझं संशोधन सोलेनॉइडच्या विद्युतधारेवरून त्याची तब्येत ओळखण्याबद्दल आहे, त्यामुळे हा विषय माझ्या रोजच्या कामातला. उदाहरण म्हणून जनरल मोटर्सचा ४एल६०-ई हा गिअरबॉक्स घेऊ. १९९३ पासून शेव्हर्लेच्या असंख्य अमेरिकन पिकअप आणि एसयूव्ही गाड्यांमध्ये तो बसवला गेला. अमेरिकेत शिकायला गेलेल्या आपल्याकडच्या मुलांपैकी ज्यांनी जुनी ब्लेझर किंवा टाहो घेतली असेल, त्यांच्या गाडीत बहुधा हाच असणार. त्याचे आकडे चांगले माहीत आहेत, आणि तत्त्व इतर गिअरबॉक्सनाही लागू पडतं.

हा सोलेनॉइड करतो काय?

ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये गिअर बदलतो तो ऑईलच्या दाबामुळे. ऑईल क्लचच्या चकत्या एकमेकींवर दाबतं. दाब कमी पडला तर चकत्या घसरतात, तापतात, जळतात. दाब गरजेपेक्षा जास्त झाला तर त्या एकदम पकडतात आणि गाडी हिसका देते. म्हणून इंजिनवर किती भार आहे त्यानुसार दाब सतत कमी-जास्त करावा लागतो. हे काम प्रेशर कंट्रोल सोलेनॉइड करतो. तांब्याच्या तारेची एक कॉइल, तिच्या चुंबकत्वाने सरकणारा लोखंडी गाभा आणि त्याला जोडलेला व्हॉल्व्ह, एवढीच त्याची रचना.

गंमत अशी की इथे हिशोब उलटा आहे. विद्युतधारा जास्त तर दाब कमी, आणि विद्युतधारा शून्य तर दाब सगळ्यात जास्त. ४एल६०-ई मध्ये ही धारा साधारण ० ते १.१ अँपिअर या पट्ट्यात फिरते. असं मुद्दाम केलंय. वायर तुटली तर दाब पूर्ण चढतो, गाडी हिसके देते, पण क्लच जळत नाही. कॉम्प्युटरला या सर्किटमध्ये बिघाड दिसला की तोही सोलेनॉइड बंद करून पूर्ण दाबावर जातो. म्हणजे तो हिसका हे गिअरबॉक्सने स्वतःला वाचवायला केलेलं काम असू शकतं.

धारा मोजली जाते, म्हणूनच दोष कळतो

बॅटरीचे १३.५ व्होल्ट थेट ४ ओहमच्या कॉइलला दिले तर ३ अँपिअरहून जास्त धारा जाईल. आपल्याला तर हवी जास्तीत जास्त १.१. मग कॉम्प्युटर सेकंदाला सुमारे २९२ वेळा वीज चालू-बंद करतो. प्रत्येक चक्रात वीज किती टक्के वेळ चालू होती, याला ड्युटी सायकल म्हणतात. कुंभार चाकाला काठीने अधूनमधून गती देतो, तरी चाक एकसारखं फिरत राहतं ना? तसंच कॉइलमधली धाराही विजेच्या तुकड्यांवर जवळजवळ एकसारखी वाहत राहते.

या सोलेनॉइडच्या दोन्ही वायर थेट कॉम्प्युटरकडे जातात. एका वायरने तो वीज देतो, दुसरीवर धारा मोजतो. धारा कमी पडली तर ड्युटी सायकल वाढवतो, जास्त झाली तर घटवतो. वाढवून वाढवून कमाल मर्यादेला टेकला तरी धारा मिळेना, किंवा शून्यापर्यंत उतरला तरी धारा थांबेना, की तो कोड टाकतो. काही कंपन्यांच्या गाड्यांत हाच बिघाड वेगवेगळ्या कोडनी सांगितला जातो: पी०९६० म्हणजे सर्किट तुटलेलं, पी०९६२ म्हणजे व्होल्टेज फार कमी, पी०९६३ म्हणजे फार जास्त.

तपासणीचा क्रम

क्रम महत्त्वाचा आहे, कारण सोलेनॉइड गिअरबॉक्सच्या आत ऑईलमध्ये बसलेला असतो. आधी बाहेरचं सगळं तपासायचं, मगच ऑईल काढायचं.

१. स्कॅनरवर तीन आकडे बघा: कॉम्प्युटरला हवी असलेली धारा, प्रत्यक्षातली धारा आणि ड्युटी सायकल. ड्युटी सायकल कमाल आणि धारा शून्य असेल तर सर्किट कुठेतरी तुटलंय.

२. इग्निशन बंद करून गिअरबॉक्सच्या बाजूचा मोठा कनेक्टर काढा. आत ऑईल, पाणी, हिरवट गंज, वाकलेली किंवा मागे सरकलेली पिन आहे का ते नीट उजेडात बघा. पुष्कळ वेळा शोध इथेच संपतो.

३. गिअरबॉक्सच्या बाजूने सी आणि डी या दोन पिनांमधला रोध मोजा. २० अंश सेल्सिअसला तो साधारण ३.५ ते ४.६ ओहम हवा. त्याआधी मीटरच्या दोन्ही टोकांचा एकमेकांना स्पर्श करून वायरींचा स्वतःचा रोध बघा आणि तो वजा करा. ४ ओहमच्या मोजणीत अर्ध्या ओहमची चूक म्हणजे थोडीथोडकी नाही.

४. आता एक टोक पिनेला आणि दुसरं गिअरबॉक्सच्या धातूला लावा. दोन्ही पिनांना मीटरने अनंत रोध दाखवायला हवा. काही ओहम दाखवले तर आतली वायर किंवा कॉइल बॉडीला शॉर्ट झाली आहे.

५. आतली बाजू ठीक निघाली तर कॉम्प्युटरपासून गिअरबॉक्सपर्यंतची वायर तपासा. इथे नुसत्या रोधावर विसंबू नका. तारेच्या वीस बारीक धाग्यांपैकी एकच शिल्लक असला तरी मीटर ‘सब ठीक’ म्हणतो, कारण तो अगदी क्षुल्लक धारा सोडतो. वायर दोन्ही टोकांना सोडवा, म्हणजे कॉम्प्युटरला काही होणार नाही. मग फ्यूज लावून तिच्यातून इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब पेटवा. हा बल्ब पावणेदोन अँपिअरच्या आसपास धारा घेतो, म्हणजे सोलेनॉइडपेक्षा जास्तच. बल्ब पेटलेला असताना वायरीच्या दोन टोकांमध्ये एक-दोन दशांश व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर ती वायर बाद. याच वेळी हार्नेस हलवून बघा. बल्ब लुकलुकला तर कधी येणारा, कधी जाणारा लूज कॉन्टॅक्ट सापडला.

एक गोष्ट मात्र करू नका. ‘टक्’ आवाज येतो का बघायला या सोलेनॉइडला थेट बॅटरी लावू नका. १.१ अँपिअरसाठी बनवलेल्या कॉइलमधून तिप्पट धारा जाईल.

तापमानाचा चकवा

तांबं तापलं की त्याचा रोध वाढतो, दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के. म्हणजे २० अंशांवर ४ ओहम असलेली कॉइल ९० अंशांच्या ऑईलमध्ये ५.१ ओहम दाखवते. गाडी नुकतीच चालवून आणलेली असताना मोजलं तर निरोगी कॉइलही ‘४.६ च्या वर’ म्हणून नापास होईल. गाडी चालवायचीही गरज नाही. २० अंशांना ४.४ ओहम असलेली कॉइल नागपुरात मे महिन्यात ४५ अंशांना मोजली तर आकडा ४.८ च्या पुढे जातो. म्हणून मोजणी सकाळी, इंजिन सुरू करण्याआधी करा. रात्रभर उभ्या गाडीत कॉइल, ऑईल आणि हवा यांचं तापमान जवळपास सारखं असतं.

जो दोष कॉम्प्युटरलाही दिसत नाही

आता माझ्या आवडीचा भाग. वर म्हटलं की धारा कमी पडली तर कॉम्प्युटर ड्युटी सायकल वाढवतो. म्हणजेच तो दोष झाकूनही टाकतो! समजा कनेक्टर गंजून सर्किटमध्ये २ ओहम वाढले. ४ चे ६ झाले. १.१ अँपिअरसाठी आधी सुमारे ३३ टक्के ड्युटी सायकल लागायची, आता ४९ टक्के लागेल. धारा बरोबर, दाब बरोबर, कोड नाही. गंज वाढत वाढत एके दिवशी मर्यादा ओलांडते आणि मग दोष ‘अचानक’ आल्यासारखा वाटतो.

उलट दोष आणखी फसवा. कॉइलच्या तारेवरचा लेप जळून काही वेढे आपापसात शॉर्ट झाले तर रोध कमी होतो. कॉम्प्युटर धारा १.१ अँपिअरवरच धरून ठेवतो, पण चुंबकत्व ठरतं धारा गुणिले वेढे यावर. पाचात एक वेढा बाद झाला तर बळही तेवढंच घटतं, व्हॉल्व्ह कमी सरकतो आणि दाब हवा त्यापेक्षा जास्त राहतो. गाडी हिसके देते आणि स्कॅनर म्हणतो, धारा अगदी बरोबर आहे.

यावर उपाय सोपा वाटतो: ड्युटी सायकलला बॅटरीच्या व्होल्टेजने गुणा, धारेने भागा, म्हणजे गाडी चालू असतानाच सर्किटच्या रोधाचा अंदाज मिळतो. अडचण पुन्हा तापमानाची. ९० अंशांना ५.१ ओहम असलेल्या कॉइलचे २० टक्के वेढे शॉर्ट झाले तर रोध ४.१ च्या आसपास येतो, आणि थंड निरोगी कॉइलही तेवढाच दाखवते! म्हणून ऑईलच्या तापमानाच्या सेन्सरचं वाचन घेऊन प्रत्येक आकडा २० अंशांवर आणून मग तुलना करायची. त्यातही कॉइल स्वतः सहा वॅटच्या आसपास उष्णता निर्माण करते, त्यामुळे ती ऑईलपेक्षा थोडी जास्तच गरम असते. हा ‘थोडी’चा हिशोब नीट मांडून, कोड पडायच्या कितीतरी आधी बिघाड ओळखता यावा, यासाठीच असं संशोधन चालतं.

मीटर कुठे थांबतो?

रोध बरोबर म्हणजे सोलेनॉइड बरोबर, असं नाही. क्लचचा भुगा अडकून व्हॉल्व्ह रुतला तर विजेच्या दृष्टीने सगळं ठणठणीत असतं. त्यासाठी पी०७४६ आणि पी०७४७ असे वेगळे कोड आहेत, आणि तिथे मल्टीमीटरऐवजी ऑईलच्या दाबाचा गेज लावावा लागतो.

पण कोड पी०७४८ असेल तर मेकॅनिकला तीन प्रश्न जरूर विचारा. कनेक्टर उघडून बघितला का? रोध किती आला, आणि तेव्हा गाडी थंड होती का? वायरीवर भार टाकून तपासलं का? आणि कॉइलच खराब निघाली, तरी ४एल६०-ई मध्ये खालचा ऑईल पॅन आणि फिल्टर काढून सोलेनॉइड बदलता येतो. गिअरबॉक्स गाडीतच राहतो.